लांब खाचेतलं छोटं कार्ड

मंगळवार, दिवेलागण

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अभ्यासिकेचा एकुलता एक कॉम्प्युटर उद्या भंगारात जाणार, असं अध्यक्षकाकांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. नेट बंद पडलं म्हणून मी नवं नेटवर्क कार्ड आणलं, तर जुन्या मशीनला ते दिसेचना. दुकानदार म्हणाला, "इतक्या जुन्याला चालत नाय, मॅडम." काका म्हणाले, "पोरी, तू शिकव. मशीन उघडणं तुझं काम नाय."

पोरी. चाळिशीला आले मी.

सगळे गेल्यावर झाकण उघडलंच. छोट्या खाचेतलं ते नवं कार्ड काढून शेजारच्या लांब खाचेत बसवलं, जी स्क्रीनच्या कार्डासाठी असते आणि आमच्या मशीनमध्ये रिकामीच होती, तिच्यात. अर्धीअधिक खाच रिकामी. लई विचित्र दिसत होतं. पण मशीन चालू केलं आणि मागं हिरवा दिवा लागला. नेट आलं.

हे आधीच का नाही सुचलं? मीही त्यांचंच खरं धरून बसले होते की काय?

झाकण मुद्दाम लावलेलं नाही. ती अर्धी रिकामी खाच काकांना दिसू दे. उद्या भंगारवाल्यासमोरच याच मशीनवर पहिला ऑनलाइन फॉर्म भरणार, नर्सिंगच्या प्रवेशाचा, काकांच्याच नातीचा.