देवाला दिलेलं दुखणं

आय,

येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मला दहा मिनिटं बोलायचंय. फादरांनी नर्स, शिक्षक, बँकेतले, सगळ्यांना बोलावलंय. विषय आहे ‘आपलं काम आणि आपली श्रद्धा’. “तुम्ही तुमच्या आईबद्दलच बोला,” असंही त्यांनी सुचवलंय. तीन दिवस मी कागद घेऊन बसतेय आणि एकच वाक्य झालंय, ‘माझ्या आईने मला कामात देव पाहायला शिकवलं.’ वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढे सरकता येत नाही. तेव्हा त्या लोकांसाठी लिहायचं सोडून तुलाच लिहितेय. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तुला लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तीही रागाने.

मी दहा वर्षांची असेन. उत्तनच्या आपल्या स्वयंपाकघरात भांडं उतरवताना माझ्या मनगटावर गरम पेज सांडली. मी किंचाळले. तू माझा हात पाण्यात धरलास आणि म्हणालीस, “रडून फुकट नको घालवू, बाय. देवाला देऊन टाक, त्याच्या कामाला येल.” मी खरंच गप्प झाले, आणि देव माझ्या भाजलेल्या मनगटाचं काय करणार असेल याचा विचार करत बसले. पुढे कळलं, आपल्या घरातलं सगळंच त्याच्याकडे जातं. बाजारात कुणी तुझी मासळीची पाटी पायाने सरकवली, देवाला दे. बाबा समुद्रावरून आले आणि चार दिवस एक शब्द बोलले नाहीत, देवाला दे. तुझी कंबर, तुझे गुडघे, बर्फाने फुटलेली बोटं, सगळं तू त्याच्याकडे पोचतं केलंस.

आणि कामात मात्र तुझ्याइतकी कडक बाई मी पाहिली नाही. ओट्यावर वाळलेले बोंबील निवडायला बसलीस की आधी क्रुसाची खूण, मग पाटीला हात. एकदा मी कंटाळून दोन-चार दमट बोंबील जुडीच्या मधोमध दडवले. गिऱ्हाईक बाई जुडी पिशवीत घालत होती. तू ती तिच्या हातातून परत घेतलीस, सोडलीस आणि एकेक बोंबील माझ्यासमोर मांडलास. “हे तू येशूच्या पानात वाढशील?” एवढंच विचारलंस. त्या परक्या बाईसमोर मी रडकुंडीला आले. आज त्या प्रश्नावर उलट बोलावंसं वाटतं. गिऱ्हाइकाला तू जन्मात दमट बोंबील दिला नाहीस, आय. देवाला मात्र कायम दुखरं, नासलेलं, कुणालाच नको असलेलं दिलंस, आणि त्याला भक्ती म्हणालीस.

तुझी ही शिकवण घेऊन मी मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळच्या एका नर्सिंग होममध्ये लागले. ग्लोव्ह्ज चढवायच्या आधी मनातल्या मनात क्रुसाची खूण करायचे. कुणाचं बेडपॅन उचलताना, कुणाचे केस विंचरताना मला खरोखर वाटायचं की हे त्याच्यासाठी चाललंय. तो आनंद खोटा नव्हता, एवढं तुझ्या बाजूने लिहून ठेवते. पण लागोपाठ दुसरी ड्यूटी लावली तर तीही मी देवाला देत होते. पेशंटच्या मुलाने सगळ्यांदेखत शिवी घातली, तीही दिली. “अपनी सिस्टर कभी ना नहीं बोलती,” असं डॉक्टर नव्या नर्सना सांगायचे आणि मी मूर्खासारखी लाजून हसायचे. माझ्या गप्प बसण्याचा देवाला काय फायदा झाला ठाऊक नाही, नर्सिंग होमला भरपूर झाला.

मग तुझं ते दुखणं. छातीतली गाठ तू दीड वर्ष अंगावर काढलीस. ती फुटली तेव्हा जुन्या लुगड्याच्या पट्ट्या धुऊन ब्लाउजच्या आत बांधायला लागलीस. सुक्या मासळीच्या घरात आणखी एक वास कुणाला कळणार होता? मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि चिडून विचारलं, “मावशी, घरात कुणी शिकलेलं नाही का?” तू माझ्याकडे बोट दाखवलंस. “ही माझी लेक. नर्स हाय.” कौतुकाने सांगितलंस, आय. डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून कुणालाच देऊन टाकू शकलेले नाही. परतताना बसमध्ये मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “तुला ड्यूटी असते. आनि ते मी देवाला दिलेलं, परत कसं घेऊ?” चार महिन्यांत तू गेलीस. तू संतिणीसारखं सोसलंस असं तेव्हाचे फादर मयताच्या मिस्सेत म्हणाले, आणि मला पहिल्या बाकावरून उठून बाहेर निघून जावंसं वाटत होतं. मी रोज परक्यांच्या जखमा धूत होते आणि तुझी तू माझ्यापासून लपवलीस. हे मी तुला माफ केलेलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला दोनदा विचारते. परवा तारोडी गावची एक म्हातारी पायाची जखम घेऊन आली. दुखतंय का, विचारलं तर “न्हाय गो” म्हणाली. मी हातातला ट्रे ठेवला, स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि परत विचारलं. तिने लुगडं जखमेवर ओढून घेतलं. मग म्हणाली, “झोप न्हाय लागत. सुनेला नको सांगू.” मी सुनेला सांगितलं. म्हातारी माझ्यावर रुसून बसलीय, पण तिचा पाय बहुतेक वाचेल. माझी प्रार्थना म्हणशील तर आता एवढीच उरलीय, हा दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न. देव त्यात असेल तर असेल. रविवारी हेच सांगेन म्हणतेय. दोन-चार बायका डोळे पुसतील, आणि तू केवढा वारसा दिलास असं फादर माइकवरून सांगतील.

जे तिथे सांगणार नाही ते इथे लिहिते, कारण हा कागद कुठेच जायचा नाही. त्या हॉस्पिटलात जायच्या सहा-सात महिने आधी एका शनिवारी मी घरी आले होते. तू अंगणातल्या बांबूच्या वलांडीवर ओले बोंबील वाळत घालत होतीस, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. सगळं डाव्या हाताने. तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी फाटकाशी उभी राहून बघत होते, दहा-बारा जोड्या होईपर्यंत. मी नर्स होते, आय. बाईचा हात असा आखडला की आधी छाती आणि काख तपासायची, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सोमवारपासून मला वॉर्डची इन्चार्ज करणार होते, आणि विचारलं असतं तर रजा टाकावी लागली असती. मी एकदाही विचारलं नाही. आत गेले आणि चहा ठेवला.