एका खणात एकच आकडा

तारीख १२, रविवार

लिहीन लिहीन म्हणत आठवडा गेला. ही वही ताईने निघताना माझ्या पिशवीत कोंबली आणि बजावलं की रोज चार ओळी खरड, म्हणजे एका जागी किती टिकतोस ते तुझं तुलाच कळेल. पहिल्या दिवशी पेन सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडलं, पण त्याचं बटण दाबलं की झकास टकटक वाजतं हे कळलं आणि संध्याकाळ त्यातच गेली.

असो. नोकरी लागली! आतापर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, जहाजावर भांडी घासली, एका फोटोग्राफरच्या मागे छत्री धरून हिंडलो. आता मी टेबलखुर्चीचा माणूस. खाली कचेरी, वरच्या मजल्यावर राहायला खोली, तीही फुकट. खिडकीतून सकाळी ऊन थेट उशीवर येतं. लांबलचक व्हरांड्याच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला अगदी अशीच एक खोली, रिकामी, कुलूप लावलेली.

ताई मला भटक्या म्हणते. फोनवर म्हणाली, या वेळी पळालास तर मला तोंड दाखवू नकोस. हसत म्हणाली, पण मागून नाक ओढल्याचा आवाज आला. वर्षभर टिकायचं असं तिला कबूल केलंय. माझं म्हणून विचारणारं दुसरं आहे कोण?

तारीख १४, मंगळवार

काम काय ते ताईला समजावताना माझीच दमछाक झाली, म्हणून इथे लिहून बघतो. इमारतीत हवा कशी खेळते, याचं गणित ही मंडळी कॉम्प्युटरवर मांडतात. त्यासाठी आख्ख्या इमारतीतली हवा खणाखणांत कापायची. जिथे काही घडतं तिथे खण बारीक, जिथे काही घडत नाही तिथे ढोबळ. एका खणात एकच आकडा. आत काही वेगवेगळं असलं तरी ते गणिताला दिसत नाही. रोज तयार होणारी आकड्यांची फाइल चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, हे माझं काम.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी मास्तर म्हणतो, कारण पाणी कुठे आहे विचारलं तरी तो फळ्यावर काढून दाखवतो. त्याने सांगितलं की सगळ्यात बारीक खण माझ्या खोलीत आहेत, कारण इमारतीत राहणारा, श्वास घेणारा प्राणी मी एकटाच. आमच्या प्रमुख बाई त्यावर म्हणाल्या की माझ्या डोक्यात मात्र ढोबळ खण पुरतील. मीच सगळ्यात मोठ्याने हसलो.

तारीख १६, गुरुवार

आज पहिल्यांदा एकट्याने फाइल चढवली. आधी सगळे खण सारखे धरले, तर माझी खोली फुगून इमारतीएवढी झाली आणि बाकी इमारत कोपऱ्यात चेपली. खणांची मापं वेगळ्या फाइलमध्ये होती. ती घातली, चित्र एकदम देखणं आलं. मास्तर लांबूनच छान म्हणाला आणि खणांची तीच जाळी त्याने पुढच्या गणितालाही लावून टाकली.

संध्याकाळी लक्षात आलं की मापं माझ्या बाजूच्या भिंतीपासून होती. मी ती पलीकडच्या भिंतीपासून धरली. इमारत आरशात पाहावी तशी उलटली आहे. दोन्ही टोकं सारखी, म्हणून कुणाला कळलं नाही. माझे बारीक खण गेले त्या रिकाम्या खोलीत आणि तिथले ढोबळ आले माझ्याकडे. सांगणार होतो, पण खिडकीत एक मांजर येऊन बसलं. तीन रंगांचं. उद्या सांगतो.

तारीख १९, रविवार

सांगितलं नाही. रोजच्या फाइली चढतायत, कुणाचं काही अडलेलं नाही.

चहा गरम लागत नाही. दुधाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं, नंतर बोटांवर फोड दिसले. दुखले नाहीत. ऊन उशीवर येतं, पण अंथरूण, भिंत, माझा गाल, सगळं एकाच उबेचं वाटतं. वाईट असं काही नाही. कापूस भरल्यासारखं आहे.

चित्रात त्या रिकाम्या खोलीतून गरम हवेची बारीक धार वर चढताना दिसते. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून चढते तशी. तो मीच, उलट्या बाजूला पडलेला, अशी समजूत घातली. मग चित्रावरची वेळ पाहिली. त्या वेळी मी खाली कचेरीत होतो.

तारीख २२, बुधवार

बाईंनी मास्तरला विचारलं की वरचा मुलगा आज आला नाही का. मी समोरच बसलो होतो. मास्तर म्हणाला, आत्ता तर जिन्यावर भेटला, शीळ घालत चालला होता.

मला शीळ येत नाही.

दुपारी मापं सरळ करायला बसलो. सॉफ्टवेअर म्हणालं, फाइल दुसरीकडे उघडी आहे, बदलता येणार नाही. बाईंचा कॉम्प्युटर बंद. मास्तर घरी गेलेला. वर गेलो. त्या खोलीच्या दाराला कुलूप तसंच होतं. आतून पेनाचं बटण दाबल्याचा आवाज येत होता. टकटक. टकटक. माझं पेन खिशात नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. तेवढी नोंद करून ठेवतो.

तारीख २६, रविवार

ताईचा फोन. आनंदात होती. काल आलास, पोटभर जेवलास, माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस, किती वर्षांनी असा हसलास, असं बोलत राहिली. काल मी या खोलीत होतो. दिवसभर. भिंतीकडे तोंड करून.

मी म्हणालो की मी आलोच नव्हतो. मग म्हणाली,

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. तिने फोन ठेवला.

रडू यावं म्हणून थांबून पाहिलं.

तारीख २८, मंगळवार

अक्षर मोठं येतंय. पानावर चार ओळी मावत नाहीत.

तिकडच्या दाराचं कुलूप गेलं. चित्रात तिथे बोटं मोजता येतात. पापण्या दिसतात. माझ्या खोलीत एकच खण. खुर्ची, खाट, मी— एकच आकडा.

आरशात कोपरे आहेत. तोंड नाही—

तारीख २९, बुधवार

ताईला लिहून कळवायचं— की तो जो येतो— त्याला घरात— पण पत्ता. पत्ता आठवत—

जिना वाजतोय. एक पाय घासत. गुडघा. ताई. न सांगता आली— ती जिने चढत नाही, तरी—

भटक्या म्हणून हाक मारली. मी ओ दिली. पोचली नाही. तिकडून कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात.

गेली नाही तिकडे. आधी इकडे आली. माझ्या दारात उभी आहे. आत बघते आहे. वहीकडे. माझ्याकडे.

तिकडे तोंड करून सांगते आहे की ही खोली रिकामीच आहे रे—

ताई, मी इथे, टेबला