परमुलखातलं गुऱ्हाळ

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली, तरी माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. का धरू नये? तुम्ही होतात तेव्हा धरायची सोय नव्हती. आपल्या घरात तुमच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. आणि गुळव्या म्हणून तुमचं नाव असं की कळंब्यापासून गगनबावड्याच्या वाटेपर्यंत कुठेही गुऱ्हाळ लागलं, की पाकाची काईल चुलीवरून उतरवायला तुम्हीच हवेत. थंड पाण्यात हात बुडवून उकळत्या पाकात घालायचात, चिमूटभर पाक परत पाण्यात धरून गोळी वळायचात, आणि म्हणायचात, "उतरा." तुम्ही उतरा म्हटलं की उतरायचं. घरातही तेच.

आपलं संस्थान मुंबई इलाख्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी सातवीत होते. सातवीची फायनल पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता येत होतं. आपल्या गल्लीतली एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती, मी पोचले होते. दसऱ्याच्या आसपास ग्वाल्हेरकडच्या एका जमीनदाराचं बोलावणं आलं, त्याला आपल्याकडचा गूळ त्याच्या मळ्यात पाडून हवा होता. आदल्या वर्षी तुम्ही एकटेच जाऊन आला होतात, आणि तिकडचं खाऊन पोट बिघडवून घेऊन अर्धे होऊन परतला होतात. या खेपेला भाकरी थापायला घरचं माणूस पाहिजे, असं तुम्ही ठरवलंत. दोन दुभत्या म्हशी सोडून आई हलणार नव्हती. राहिले मी.

"आबा, शिमग्यानंतर माझी परीक्षा हाय," मी म्हणाले होते. एवढं बोलायलाही मला दोन दिवस लागले होते.

"म्हाईत हाय की. शाळंत बाईस्नी सांगून आलोय. परीक्षेच्या आत तुला आणून पोचीवतो. पुस्तकं घे संगं. दोन भाकरी थापायच्या नि वाचत बसायचं, दुसरं काम काय हाय तुला तितं?"

"लई लांब हाय काय?"

"आपल्याच देशात हाय. परमुलूख कसला त्यो?"

तुमचा तो आपला देश तीन दिवसांच्या गाडीनंतर आला. मी अंगणात शिजवतेय, थंडी अशी की पिठात पाणी घालताना बोटं आखडतात, आणि चार बाया मला बघायला उभ्या आहेत. त्या काय बोलतात ते मला कळत नाही, माझं त्यांना कळत नाही. भाकरी हातावर थापताना बघून त्या हसतात. माझं नऊवारी लुगडं बघून तर एकीनं पदरच तोंडाला लावला. तुमचं बरं होतं. काईल तिथेही काईलच, रस तिथेही उसाचाच, आणि जमीनदार तुमच्या हाताकडे देवाकडे बघावं तसा बघायचा. पहिला महिनाभर मी तुमच्याखेरीज कुणाशी धड बोलले नाही. तेरा वर्षांच्या पोरीला असं मुकं करून ठेवलंत, आणि रोज जेवताना विचारायचात, "करमतंय न्हवं?"

आता खरी गोष्ट सांगते, कारण तुम्ही मेलात तरी ती तुम्हाला ऐकायलाच हवी. रोज संध्याकाळी काम आवरलं की चुलवाणाच्या उबेला बसून तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावायचात. इतिहास, भूगोल, पाठ केलेल्या कविता. तुम्हाला अक्षर कळत नव्हतं, पण मी अडखळले की तुमच्या भुवया वर जायच्या. जमीनदाराला माझ्यादेखत सांगितलंत, "आमची पोरगी मास्तरीण हुणार हाय." ग्वाल्हेरच्या बाजारातून हिरवं फाउंटन पेन आणलंत आणि म्हणालात, "परीक्षंला लागंल." त्या दिवशी मी आनंदानं रडले. माघ सरत आला, उभा ऊस अजून निम्माही तुटला नव्हता, तेव्हा घाबरून विचारलं, "आबा, आपण कवा जायाचं?" तर तुम्ही काईलीवरची नजरही न हलवता म्हणालात, "बाई थांबतील की. सांगून आलोय मी." आणि मी विश्वास ठेवला! सगळ्या इलाख्याची परीक्षा माझ्या एकटीसाठी थांबेल, असं मला खरंच वाटलं, कारण तुम्ही म्हणाला होतात.

पाडवा होऊन गेल्यावर आपण परतलो. दुसऱ्या दिवशी मी पेन घेऊन शाळेत गेले. हेडबाईंनी हजेरीपट काढला आणि मागची पानं उलटली. आपण निघायच्या आधीच माझ्या नावावर तांबडी रेघ ओढलेली होती. बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या वडिलांनीच येऊन नाव काढलं. मी दोनदा समजावलं त्यांना. तुला ठाऊक नव्हतं?" त्यांनी नाव काढल्याच्या कागदावरचा तुमचा अंगठाही दाखवला. तुमचाच होता तो, पोळून पोळून रेषा पुसट झालेला.

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी वाचत होते तेव्हा ठाऊक होतं, पेन घेतलंत तेव्हाही. अंगावर ओरडला असतात, दोन ठेवून दिल्या असत्यात, तर मी कधीच विसरले असते. पाक एक क्षण जास्त राहिला तर सगळी काईल वाया जाते, हे तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला शिकवलंत. माझं वर्ष हातातून चाललंय हे तुम्हाला समजलं नाही, असं मी कसं मानू? घरी येऊन आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही शांतपणे हात धुतलेत. "सांगितलं असतं तर आली असतीस व्हय? रडून गाव गोळा केलं असतंस. आणि शिकून जाणार कुठं हुतीस?" मी पेनाचं टोक उंबऱ्यावर आपटून मोडलं. आई मधे पडली नाही. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा तिकडे गेलात, या वेळी माझ्या चुलतभावाला घेऊन. त्याला भाकरी चांगली जमते म्हणे. मग माझ्याविना अडलं कुठे होतं?

माझं लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं शिकली. त्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगितली आहे. आबांनी माझी परीक्षा बुडवली. ऐकणारा प्रत्येक जण तुम्हाला नावं ठेवतो आणि मला बरं वाटतं.

पण कुणालाच न सांगितलेलं एक आहे. त्या दिवशी हजेरीपट मिटताना बाई म्हणाल्या होत्या, "जूनमधे ये. वडील नकोत, तू एकटी आलीस तरी मी नाव घालते." शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. आईनं दोनदा विचारलंही, "जातीस न्हवं?" दिवाळीनंतर तर तुम्ही गावातही नव्हतात. मी गेले नाही. गणितात मी कच्ची होते, आणि नापास झाले असते तर तुमच्याकडे बोट दाखवता आलं नसतं.

हा कागद पोरांच्या हाती लागायच्या आत मी फाडणार आहे. पहिली परीक्षा तुम्ही बुडवलीत, आबा, आणि त्याबद्दल मी तुम्हाला माफ करत नाही. दुसरी मी बुडवली.