नवव्या दिवसाचं मागणं

मेहकर
२७ डिसेंबर

प्रिय मावशी,

जय येशू. नाताळाच्या शुभेच्छा तुला आणि तुझ्या कॉन्व्हेंटमधल्या सगळ्या सिस्टरांना. आम्ही इकडे खुशाल आहोत.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. तुमचा फोन हॉलमध्ये असतो आणि तू बोलताना तो स्पीकरवर टाकतेस. हे पत्र तू एकटीने वाचावंस अशी माझी इच्छा आहे.

बाबांनी यंदा नाताळाची गव्हाण अंगणात मांडली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बकरीने तिच्यातलं सगळं गवत फस्त केलं आणि बाळ येशू उघड्या फळीवर आला. आईच्या करंज्या नेहमीसारख्या फुटल्या, पण समोरच्या पंचफुला आजीने फराळाचं ताट परत देताना त्याच करंज्यांची इतकी तारीफ केली की आई दिवसभर मिरवत होती. चर्चमध्ये पहिलं वाचन मीच केलं.

सिस्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या जानेवारीतल्या शिबिराचं तू विचारलं होतंस. त्याचंच सांगायचं आहे, पण लिहायला हात धजत नाही.

दिवाळीत तू आलीस तेव्हा मी दुपारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसले होते, डोळ्यांत पाणी होतं. तू आईला सांगितलंस की या पोरीला देवाची हाक आली आहे. मावशी, माझ्या मांडीवर बायबल होतं आणि बायबलमध्ये एक कादंबरी होती. त्यातली म्हातारी नुकतीच मेली होती म्हणून मी रडत होते. चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटात जुन्या फादरांनी ठेवलेली पुस्तकं आहेत. घरात टीव्ही आणि माणसं, म्हणून मी तिथे जाऊन वाचत असे. प्रार्थनाही करायचे, नाही असं नाही. पण पुस्तक संपल्यावर.

तू गेल्यावर सगळंच हाताबाहेर गेलं. आईने पांढरे ड्रेस शिवायला टाकले. लोक मला आत्तापासूनच 'सिस्टर' म्हणायला लागले. आणि नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनात बाळ येशूची मूर्ती रोज संध्याकाळी ज्या घरी जाईल त्या घरी कोणी ना कोणी मला देवाचं बोलावणं यावं म्हणून मागणं करायचं, आणि मीही सगळ्यांबरोबर 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचे. आपल्याच विरुद्ध रोज देवाकडे अर्ज करायचा म्हणजे काय ते मला विचार. मला जेवण जाईना.

नववा दिवस आमच्याकडे होता. घरच्या माणसाने मागणं करायचं, म्हणून फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. आजारी माणसांसाठी मागायचं ठरवून उठले होते, तोंडातून निघालं ते माझ्याच नावाने, असं:

"आमच्या मंजुश्रीला सिस्टर व्हायचं नाही. तिला ग्रंथालयाचं शिक्षण घ्यायचं आहे. हे ऐकायला तिच्या आईला बळ मिळावं म्हणून आपण प्रार्थना करू या."

आणि अख्खं घर सवयीने एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता.

मग गल्लीतल्या कलाबाईने बाजूच्या बाईला विचारलं, "काय म्हनली व ही पोरगी?" फादरांना हसू आवरेना. ते म्हणाले, सगळ्यांनी मिळून केलेली प्रार्थना आता काही परत घेता येणार नाही. बाबा खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. आई उठून चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नाताळाची मिस्सा झाली, ताटं वाटून झाली, तरी ती माझ्याशी बोलली नाही. मी भांडी घासायला बसले तेव्हा शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातातली घासणी काढून घेतली.

"तू तिथं काय वाचत बसते ते मले काय माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मले वाटलं, शिस्टर झाली तं तुले कोनी भांड्याइसाठी उठवनार नाही. वाचू देतीन. इथं लगन झालं का सरलं सारं."

मावशी, मी इतके दिवस तिला घाबरत होते, आणि ती माझ्यासाठी जागा शोधत होती. मी तिच्या गळ्यात पडून रडले, खरकट्या हातांनी. किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. बाबा नव्या वर्षात कॉलेजात चौकशी करणार आहेत. लग्नाचं नाव काढायचं नाही असं आईने त्यांना बजावलं आहे.

तुझं मन मात्र मी दुखावलं, हे मला कळतं. तू तिथे सगळ्यांना सांगून ठेवलं असशील. शिबिरातली माझी जागा अशा मुलीला दे, जिला खरंच हाक ऐकू आली आहे. माझ्यावर रागव, पण अबोला धरू नकोस.

पाकीट बंद करण्याआधी आईला पत्र वाचून दाखवलं. काही लिहायचं आहे का, विचारलं. ती म्हणाली, "लिही तिले, मी तं पोरगी देवाले देल्ली होती. त्यानंच पुस्तकं देऊन घरी धाडली."

तुझी, घरीच राहिलेली भाची,
मंजुश्री