दुहेरी कामाच्या वस्तूंची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा लोखंडी काम, शिक्षण सातवी पास (आठवीच्या वर्गात बसलो होतो, परीक्षेला बसलो नाही), आज राहत्या घरी, जेवणाच्या टेबलापाशी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेले नाही, आणि गोड बोलून माझ्यापुढे कोणी कागद सरकवलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो बायकोला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर तुमच्याबरोबर राहिलेत का कधी?" तिचे हे मत कायद्याने धरू नये.

वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात 'सदरहू' आणि 'उपरोक्त' पुष्कळ होते, पण त्या गर्दीत मी कुठे सापडेना. म्हणून आपल्या भाषेत लिहितो. चूकभूल असेल तिथे अर्थ धरावा.

आत्ताच लिहायला का बसलो ते सांगतो. मागे दोन्ही मुलगे एकदम आले होते. मी आतल्या खोलीत आडवा होतो; त्यांना वाटले झोपलो. मी दुपारी झोपत नसतो. डोळे मिटून गॅस बंद केला की नाही याचा विचार करतो. थोरला म्हणाला, "बाबांचं काही बरंवाईट झालं तर आई सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे."

"चालेल की. पण परीक्षांच्या दिवसांत आमच्याकडे हं. पोरांपाशी कोणीतरी लागतं."

"का? परीक्षा काय तुझ्याच पोरांच्या असतात? आमची काय बाहेरून बसतात?"

"बरं बाबा, बघू. आणि हे घर?"

"भाड्यानं देऊ. नाहीतर पडून खराब होईल."

माझी मुले वाईट नाहीत. आईला सांभाळायला दोघेही तयार, यापेक्षा बापाला काय पाहिजे? पण मी उठून बसलो. कारण दोन ठिकाणी चालणाऱ्या वस्तू करण्यातच माझा जन्म गेला आहे आणि त्यांचे पुढे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिचे तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद. बाकीची वाटणी ओघाने येईल.

कलम १. हत्यारे. माझा पान्यांचा संच, पेटीसकट, मैदानाच्या निवृत्त माळ्यास द्यावा. मी क्रिकेटच्या मैदानाची सामग्री करायला लागलो तो याच माणसामुळे. तेव्हा मी दारे-खिडक्यांचे गज करीत असे. मैदानाचे फाटक दुरुस्त करायला गेलो तर हा एकटा खेळपट्टीवर दगडी रोलर ओढत होता आणि मधूनमधून तो सोडून झारीने पाणी घालत होता. मला राहवेना. मी पत्र्याचा पोकळ रोलर केला. पाणी भरले की जड, खेळपट्टी दाबायला. मग तोटी उघडून तोच बाहेरच्या गवतावर फिरवायचा, म्हणजे पाणी शिंपडले जाई आणि रिकामा रोलर हलका होऊन शेडमध्ये परत ढकलायला सोपा. माळी पहिल्या दिवशी त्याच्याभोवती फिरून म्हणाला, "दाबतो, पाणी घालतो... मिस्त्री, आता चहा करायलाही शिकवा की याला." त्या सकाळी ओल्या गवताचा आणि ताज्या रंगाचा जो एकत्र वास आला होता, तो नंतर मला कुठेच मिळाला नाही. शोधला मात्र पुष्कळ.

या माळ्याला मी साक्षीदार करणार होतो. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नये, संशय येतो. मी त्याला विचारले, सही करतोस की पाने घेतोस? तो म्हणाला, "सही काय, कोणीपण करेल. पाने दे." यावरून त्याचेही डोके ठिकाणावर असल्याचे दिसते. पाने वापरून झाले की तेलाच्या फडक्याने पुसावेत. तो पुसत नाही, मला माहीत आहे.

कलम २. पॅव्हेलियनमधील लांब बाक माझा आहे, क्लबचा नाही. मी तो वापरायला दिला होता. आता क्लबला कायमचा देतो. त्याच्या पाठीचे दोन दांडे निघतात आणि बैठकीचे स्ट्रेचर होते. कल्पना चांगली होती. अडचण एकच की कोणी पडला की आधी बाकावरच्या सगळ्यांना उठवावे लागे. एकदा तर बारावा खेळाडू त्यावर गाढ झोपला होता. धावपळीत दोघांनी त्याच्यासकट बाक उचलला आणि मैदानाच्या मध्यापर्यंत नेला. ज्याचा पाय मुरगळला होता तो उभा राहून हसत होता. बाकाच्या डाव्या बाजूचा बोल्ट वर्षातून एकदा आवळावा. नाही आवळला तर मला दोष देऊ नये.

कलम ३. क्लबच्या जुन्या सेक्रेटरीस माझ्याकडून काहीही देऊ नये. त्याने मागितलेले नाही, तरी लिहून ठेवतो.

याचे कारण पांढरा पडदा. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: गोलंदाजाच्या मागे, सीमारेषेपलीकडे, मोठा पांढरा पडदा उभा असतो. त्याच्यापुढे लाल चेंडू फलंदाजाला नीट दिसतो. आता, पाऊस पडतो तेव्हा खेळ बंद, म्हणजे पडदा रिकामा. ऊन असते तेव्हा खेळपट्टी झाकायचे छप्पर रिकामे. मग दोन वस्तू कशाला? मी पडद्याला मधोमध बिजागऱ्या आणि खाली चाके लावली. उभा केला की पडदा, दुमडला की उतरते छप्पर. लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. रंग द्यायला बायको आली होती. वरच्या फळ्या मी, खालच्या तिने. तिच्या केसांत पांढरा रंग लागला तो आठ दिवस निघाला नाही आणि येणारे-जाणारे विचारीत, "वहिनी, एवढ्यातच पिकले?" ती म्हणे, "यांच्या घरात आले ना, म्हणून."

मोसमातल्या मोठ्या सामन्यात पाऊस आला. पडद्याचे छप्पर झाले, खेळपट्टी कोरडी राहिली, लोकांनी माझी पाठ थोपटली. मग पाऊस थांबला आणि पंचांनी घाई केली. छप्पर पुन्हा सीमेवर न्यायचे, तर गवत ओले. चाके रुतली. आम्ही सहा जण ढकलतो आहोत, तो पुन्हा भुरभुर सुरू. सेक्रेटरी ओरडतो, "खेळपट्टी झाका!" पंच ओरडतात, "पडदा लावा!" आणि पडदा मधल्या मैदानात, ना इकडे ना तिकडे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कर्णधार मला म्हणाला, "मिस्त्री, हा आमचा खेळाडू धरायचा की त्यांचा?" सगळे हसले. सेक्रेटरी हसला नाही. लोकांसमोर म्हणाला, "मिस्त्री, तुमची वस्तू धड पडदा नाही, धड छप्पर नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसलं काम आहे हे."

मी अजूनही म्हणतो की पंचांनी थोडा दम धरला असता तर काही झाले नसते. सेक्रेटरीचे बोलणे मला आजतागायत टोचते. पण तो खोटे बोलला असे मला लिहिता येत नाही. त्या दिवसापासून मी एक नियम पाळला: एका वस्तूला दोन कामे द्यायची तर ती दोन्ही कामे एकाच वेळी निघता कामा नयेत. आणि माझ्या दोन्ही मुलांच्या पोरांच्या परीक्षा एकाच वेळी असतात.

कलम ४. मागची शेड आणि वेल्डिंग मशीन थोरल्यास. त्याला तिथे गाडी लावायची आहे हे मला ठाऊक आहे. लाव बाबा. फक्त वेल्डिंगचा काळा चष्मा भंगारात देऊ नकोस. तू लहान असताना तो घालून सूर्याकडे बघायचास आणि "बाबा, सूर्य हिरवा झाला" म्हणायचास. धाकट्यास माझी सायकल. तिच्या मागच्या चौकटीची शिडी होते. शिडी करण्याआधी सायकलवरून उतरावे. हे त्याला लहानपणी एकदा सांगायचे राहिले होते, म्हणून आता लिहिले. बँकेत जे काही आहे ते पत्नीचे. दोन्ही सुनांना माझा आशीर्वाद आणि ही सूचना की फ्रिजच्या मागची वायर तपासून घ्यावी, मला तिचा भरवसा नाही.

कलम ५. राहते घर, तीन खोल्या, मागच्या अंगणासह, संपूर्णपणे व एकटीच्या मालकीने माझ्या पत्नीस. तिने ते विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे, रंगवावे. मुलांनी त्यात नाक खुपसू नये.

हे घर मी लग्नानंतर वाढवत नेले. पहिली खोली भाड्याची होती ती विकत घेतली, दुसरी थोरल्याच्या वेळी, तिसरी धाकट्याच्या. सामान सगळे माझ्या हातचे. इस्त्रीचे टेबल आडवे केले की पाहुण्याचा पलंग. थोरल्याच्या पाळण्याला पडद्याची उरलेली चाके होती; पाळणा दुमडला की भाजीची गाडी होई. एकदा जेवणाच्या टेबलाच्या कप्प्यात तिचे बोट चेमटले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "या घरात एक तरी वस्तू आहे का हो, जी नुसती एकच आहे?"

मी म्हणालो, "तू."

"मी? मी स्वयंपाकीण, मी धोबीण, मी तुमची रंगारीण. तुम्ही वेल्डिंग करता तेव्हा पत्रा धरून उभा राहणारा शिकंजा मीच. एकच म्हणे!"

मी कानस आणून कप्प्याची कड घासली. घर तिच्या नावावर करतो आहे ते उत्तर म्हणून नव्हे, पण जवळपास तेच समजावे.

कलम ६. ~~माझ्या पश्चात पत्नीने याच घरात राहावे. कोणत्याही मुलाने तिला आपल्या घरी आठ दिवसांहून जास्त ठेवून घेऊ नये. नेल्यास परत आणून सोडण्याची जबाबदारी नेणाऱ्याची.~~

हे कलम खोडले आहे. खोडण्याचे कारण असे की इथवर लिहून झाल्यावर मी कागद तिला वाचायला दिला. ती चष्मा लावून, टेबलाला टेकून, उभ्यानेच वाचत होती. पडद्याच्या ठिकाणी हसली. बोटाच्या ठिकाणी बोटाकडे बघितले. सहाव्या कलमाशी थांबली.

"म्हणजे मला धाकट्याकडे पंधरा दिवस राहावंसं वाटलं तर?"

"तुला कशाला वाटेल? तिथे तुला पाण्याची चव आवडत नाही."

"वाटलं तर, असं विचारतेय."

"मग... आठ दिवस राहून यायचं, पुन्हा जायचं."

तिने चष्मा काढला. "पोरं मला चाकं लावायला निघालीत म्हणून तुम्ही घाबरलात. आणि स्वतः काय केलंत? तुम्ही पण चाकंच लावलीत, नुसता ब्रेक दाबून ठेवलाय. मी कुठं राहायचं ते मी बघीन. मला कुणी ठेवायला मी काय रोलर आहे?"

मी म्हणालो, काळजीपोटी लिहिले. ती म्हणाली, "काळजी करा, कलम करू नका." मग मी तिच्यासमोर खोडले. खोडल्याच्या बाजूला माझी आणि दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे. मुलांना एवढेच सांगणे: आपसात ठरवू नका, तिला विचारा.

कलम ७. मग ती म्हणाली, "आणि मी आधी गेले तर?"

मला गॅसची, वायरीची, बोल्टची, पान्यांवर चढणाऱ्या गंजाची काळजी असते. हे मात्र माझ्या मनात एकदाही आलेले नव्हते. वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "लिहायलाच पाहिजे, काका. पर्यायी वारस लागतो." मी पेन हातात धरून बसलो. बसून राहिलो ते पाहून तिने कागद आपल्याकडे ओढला आणि पुढचे तिने लिहिले. अक्षर तिचे आहे, मला मान्य आहे:

*मी आधी गेले तर घर दोन्ही मुलांचे निम्मे-निम्मे. पण हे आहेत तोवर ह्यांना या घरातून कोणी हलवू नये. सहा महिने नाही, आठ दिवसही नाही. ह्यांना दुसरीकडे झोप लागत नाही.*

मी म्हणालो, अगं, तू मला खोडायला लावलेस ते हेच आहे. ती म्हणाली, "तुमचं वेगळं," आणि चहा टाकायला गेली.

वकिलांनी हे वाचून कपाळाला हात लावला. म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. तुम्ही हयात असताना तुम्हाला कुठे ठेवायचे हे त्यात लिहून काही उपयोग नाही, ते वाक्य काढा. मी काढलेले नाही. कोणी काढू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

लिहून ठेवणार: (सही)
सातव्या कलमातील तीन वाक्ये लिहिणार: पत्नी (सही. हिची सही चालत नाही असे वकील म्हणाले. तरी तिने केली.)

साक्षीदार १: आमचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ: राहते घर
दिनांक: दोन मार्च, रविवार