वहीतल्या मोकळ्या जागा

सर, सोमवारी तुमचं वाक्य माझ्या तोंडून निघालं, म्हणून लिहिते आहे. एरवी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही मी तुमच्या घरी दोन ओळी धाडल्या नव्हत्या. भर वर्गात मी एका मुलीला म्हणाले, "तुला शिकायचं नाही, नुसती पदवी हवी आहे."

आता याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. अर्थशास्त्राचा धडा मी व्हिडिओत शिकवायचा, मुलांनी घरी पाहून यायचं, वर्गात फक्त चर्चा. पाहिलं की यादीत नाव हिरवं होतं. नवीन पद्धत म्हणून आम्हाला शिकवली. तुम्ही हेच करत होतात, पुस्तकावर. "वाचून या, घास भरवायला मी बसलेलो नाही." लायब्ररीत प्रत एकच, ती तुमच्या लाडक्यांच्या घरी. शिरवणे गावातल्या आमच्या खोलीत मी वाचायला बसले की आई पुढ्यात सुकट ओतायची, निवडायला. तुम्ही कधी विचारलं नाहीत. वर्षभर भिंतीशी उभं केलंत आणि ते वाक्य ऐकवलंत. मुलं हसली. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

ही मुलगी नावडे गावची. नाव हिरवं, व्हिडिओ तीनदा पाहिल्याची नोंद, आणि एकाही प्रश्नाला उत्तर नाही. फोन चालू ठेवून झोपा काढत असेल, असं मी धरून चालले. तयारीच्या गुणांपुढे शून्य लिहिलं. ते शून्य राहिलं तर ती नापास. तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलाशी आली.

"मॅडम, पायलाय मी. आवाज बंद करून."

"का?"

"पप्पा नाइट करून झोपलेले असतात. एकच खोली हाय."

"इअरफोन नाहीत?"

"कानात घातले की मम्मीची हाक ऐकू येत नाय. मग ती फोनच काढून घेते."

तिने वही उघडली. व्हिडिओत मी फळ्यावर काढलेली प्रत्येक आकृती, रेघ न् रेघ. आणि जिथे मी बोलत होते, तिथे मोकळी जागा सोडलेली, पानामागून पान.

"तुमी वर्गात सांगाल म्हणून ठेवली," ती म्हणाली. "पण वर्गात तुमी नुसतं विचारता."

त्या जागा पाहून मला तुमचा राग आला. स्वतःचा यायला आणखी दोन दिवस लागले. हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा एवढं इथे लिहायला हरकत नाही.

शुक्रवारी तिच्या हाती दिलं ते असं: व्हिडिओतलं माझं सगळं बोलणं, हाताने लिहिलेली अकरा पानं. स्टाफरूमशेजारच्या रिकाम्या खोलीची किल्ली, पहिल्या तासाआधी बसण्यासाठी. शून्य खोडून पुन्हा तोंडी परीक्षेची वेळ, माझ्या सहीने. भर वर्गात तिची माफी मागायला हवी होती, ती मागितलेली नाही.