आतल्या रंगाचं काम बाकी

२ नोव्हेंबर, रविवार

विमान तयार झालं. सहा वर्षं दर रविवारी सातिवलीच्या इंडस्ट्रियल गाळ्यात ऑस्कर हातोडा चालवत होता आणि मी पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या पलीकडून लोखंडी ठोकळा धरत होतो. ऑस्कर एअरलाइनमधून रिटायर झालेला इंजिनिअर, मी कॉलेजात संस्कृत शिकवतो. कामाची विभागणी आपोआप झाली.

कागदपत्रं झाली. इंजिन सुरू होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंदही होतं. सीट दोनच. एक चालवणारीची, म्हणजे ऑस्करची मुलगी रोवेना हिची. ती फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. दुसरी सीट कोणाची हे आज ऑस्करने जाहीर केलं. सर, प्रत्येक रिव्हेटच्या पलीकडे तुम्ही होता. पहिले तुम्ही बसणार, मग मी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऑस्करला वाटलं आनंदाने. अर्थात आनंदानेच.

हात पुसताना लक्षात आलं, आत रंगच नाही. नुसता हिरवट प्रायमर, सरकारी दवाखान्यासारखा. अशा विमानात पहिला प्रवासी बसवणं ऑस्करला शोभणार नाही. ऑस्कर म्हणाला, रंगाचं काय सर, नंतर मारू. मी ठाम राहिलो. जबाबदारी घेतली.

रोवेना १४ जानेवारीला मोठ्या विमानांच्या ट्रेनिंगला कायमची बाहेर जाणार. त्याच्या आत माझं उड्डाण. भरपूर वेळ आहे.

संकल्प : आठ दिवसांत रंग.

३ नोव्हेंबर, सोमवार

विनयाला बातमी दिली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्याकडे कधीकधी बरणीतल्या नमुन्याकडे बघावं तशी बघते. अहो, घाबरला नाहीत ना, म्हणाली. मी म्हटलं, भीती अज्ञातातून येते, आणि या विमानाचा तुकडा न् तुकडा मला ज्ञात आहे. म्हणूनच विचारलं, म्हणाली.

संध्याकाळी पोट बिघडलं. मिसळ. (मिसळ काल नव्हती, परवा होती. मिसळ थांबून परिणाम करते.)

५ नोव्हेंबर, बुधवार

बोळिंजच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. आतला रंग हवा, म्हटलं. हॉल की बेडरूम? विमान. तो म्हणाला, अच्छा, नातवाची रूम! आणि ढगांचा वॉलपेपर उलगडून दाखवू लागला. खरी परिस्थिती सांगितल्यावर त्याने माझ्याकडे नीट बघितलं, दुकानातल्या पोऱ्याला दुकान बंद करायला सांगितलं आणि मला शेडकार्ड दिलं. एक हजार आठशे छटा. म्हणाला, काका, घरी निवांत बघा. घाई करू नका.

समंजस माणूस.

९ नोव्हेंबर, रविवार

गाळ्यात गेलो नाही. शेडकार्ड वाचत बसलो. २१२ पर्यंत पोचलो. पांडुर आणि धूसर यांत अंतर आहे, कपिश तर वेगळाच. विनयाच्या मते सगळे बिस्किटाचे रंग आहेत. पुष्पकाबद्दल इतक्या टीकाकारांनी इतकं लिहिलं, आतल्या रंगाबद्दल एक शब्द नाही. माझ्या खांद्यावर परंपरेने टाकलेलं काम आहे हे.

रंग फार गडद असेल तर जीव घुसमटतो. फार फिका असेल तर काचेत प्रतिबिंब पडून समोरचं दिसत नाही. समोरचं दिसायलाच हवं का, हा स्वतंत्र प्रश्न.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मूलभूत शंका : रंग पेटला तर?

हार्डवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, काका, हॉलचा रंग कधी पेटलाय का कोणाचा? हे काही उत्तर नाही. पत्र्याच्या पट्टीवर तीन रंगांचे नमुने लावून स्वयंपाकघरात गॅसवर धरले. रंग पेटले नाहीत. पट्टी धरायला घेतलेलं फडकं पेटलं. विनयाने ते सिंकमध्ये टाकलं आणि शांतपणे विचारलं, अहो, रंग शोधताय की लपायला जागा?

तिला प्रयोगपद्धती कळायला हवी. विज्ञानाची शिक्षिका आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

ऑस्करने विचारलं, रंग कुठपर्यंत आला सर? अग्निपरीक्षा सुरू आहे, म्हटलं. रोवेनाचा फोन आला होता, तिने स्पीकरवर सांगितलं की अंकल, तुमच्या गाळ्यामागे तिसऱ्या लाइनीत विकी आहे, इलेक्ट्रिक पॅनेलना स्प्रे मारतो. दोन डब्यांचा रंग घ्या, एकात रंग घट्ट करणारा हार्डनर असतो. एका दुपारचं काम आहे.

एका दुपारचं! या पिढीला घाई फार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विकीकडे गेलो. मागायच्या आधीच त्याने फिकट राखाडी रंग मारलेली पट्टी दाखवली. मॅट. नखाने निघत नाही, चमकत नाही. सर, हा माल रोवेनामॅडमने सांगितलेला, आत्ता घेऊन जा. एवढ्या सहज मिळणारा रंग विमानाचा असूच कसा शकतो?

शिवाय त्याने सांगितलं, हार्डनर एकदा मिसळला की चार तासांत संपवायचा, परत डब्यात नाही जात. म्हणजे माघार नाही. हा शब्द मनात येताच मला का कोण जाणे थंडी वाजली. गाळ्यांत दमटपणा असतो.

घेतला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मार्ग सापडला. चंदनसारचा हरेश्वर, ज्याने आमच्या सोसायटीच्या दोन्ही विंग रंगवल्या. अनुभवी माणूस. त्याला गाळ्यात नेलं. त्याने पत्र्यावर हात फिरवला, मान हलवली. सर, हे खालीवर हाय सगलं. आधी पुट्टी, दोन हात. मग घासाई, मग प्रायमर, मग कलर. पुट्टीशिवाय फिनिशिंग येनार नाय.

किती दिवस? पंधरा-वीस तरी.

किती वर्षांनी कोणी शास्त्रशुद्ध बोललं! गाळ्याची एक चावी माझ्याकडे असतेच. हरेश्वरला उद्यापासून यायला सांगितलं. ऑस्करला आश्चर्याचा धक्का द्यायचा.

आज जेवण चांगलं गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

ऑस्करला धक्का बसला.

गाडीच्या गॅरेजमध्ये वापरतात ती पुट्टी हरेश्वरने केबिनच्या दोन्ही बाजूंना थापली होती. गुळगुळीत, अगदी हॉलसारखी. ऑस्कर दारात वाकला, आत बघितलं, आणि टूलबॉक्सवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, सर, पुट्टीखाली पत्र्याला क्रॅक गेला तर मला दिसणार कसा?

हरेश्वर म्हणाला, अंकल, क्रॅक जानारच नाय, पुट्टी भारी हाय.

सगळी खरवडायची. लोखंडी पात्याने नाही, पत्र्याला ओरखडा जाईल. प्लास्टिकच्या पट्टीने, हाताने. विलंब होणार. मी अत्यंत दुःखी आहे.

संकल्प : यापुढे ऑस्करला विचारल्याशिवाय काही नाही.

३ डिसेंबर, बुधवार

दहावा दिवस खरवडण्याचा. कॉलेज सुटलं की गाळा. ऑस्कर एका बाजूने, मी दुसऱ्या. हरेश्वरही येतो, मनाला लागलंय त्याच्या. मी सावकाश काम करतो, कारण घाईत चुका होतात. ऑस्करची बाजू परवा संपली. माझी अर्धी आहे. तो माझ्या बाजूला येऊन बसला तेव्हा मला राग आला. प्रत्येकाला आपली बाजू असते.

६ डिसेंबर, शनिवार

रोवेना आली. अकरा वाजता विकीकडे गेली, सव्वाअकराला दोन डबे घेऊन आली. मी म्हटलं, शेड एकदा उन्हात बघू. तिने झाकण उघडून उन्हात धरलं. बघितली अंकल? मी म्हटलं, हार्डनर मिसळण्याआधी एकदा— तिने मिसळला.

चार वाजता रंग मारून झाला. फिकट राखाडी, मॅट. सुंदर आहे हे मान्य करावं लागेल. माझ्या निवडीच्या दिशेनेच.

थिनरचा वास डोक्यात गेला, लवकर घरी आलो.

९ डिसेंबर, मंगळवार

पंख काढून विमान टेम्पोवर चढवलं. घाटापलीकडच्या एका छोट्या धावपट्टीवर नेलं. महामार्गावर लोक मोबाइल काढून फोटो घेत होते. एका बाईकवाल्याने ऑस्करला विचारलं, काका, लग्नाचं डेकोरेशन का? ऑस्कर हसला. मीही हसलो असतो, पण टेम्पो खड्ड्यातून गेला तेव्हा पंखातून कर्र आवाज आला होता. ऑस्कर म्हणतो, दोरीचा.

२१ डिसेंबर, रविवार

रोवेनाने ठरलेली चाचणी उड्डाणं एकटीने सुरू केलीत. आज चौथं. ऑस्करने व्हिडिओ पाठवला. विमान जमिनीवरून सुटतं तिथे मी व्हिडिओ थांबवला, कारण पुढचं माहीतच आहे.

विनयाने पूर्ण बघितला. तीनदा.

संकल्प : रोज प्राणायाम. मनाची तयारी नव्हे, फुप्फुसांची.

४ जानेवारी, रविवार

एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायला हवी, म्हणून इथे. चार वर्षांपूर्वी उजव्या पंखातला एक रिव्हेट मी शिंकताना धरला होता. ठोकळा हलला, म्हणजे रिव्हेट सैल बसला असणार. कुठला रिव्हेट ते आता आठवत नाही. शेकडो आहेत. उजवा पंख म्हणजे प्रवाशाच्या बाजूचा. ऑस्करला सांगितलं नाही. तेव्हा क्षुल्लक वाटलं, आणि नंतर सांगायला फार उशीर झाला होता.

ही भीती नव्हे. ही माहिती आहे.

१० जानेवारी, शनिवार

उद्या. धावपट्टीजवळच्या लॉजवर उतरलोय. विनया म्हणाली, मी येते, कोणीतरी टाळ्या वाजवायला हवं. मी पूर्ण शांत आहे. नाडी १०८. लॉजचा जिना चढून आलो होतो. (खोली तळमजल्यावर आहे, पण पायऱ्या तीन आहेत.)

११ जानेवारी, रविवार

सकाळी ७.१०. धावपट्टीवर. आभाळ स्वच्छ. वारा नाही. एकही अडचण नाही.

७.४०. दाराच्या आतल्या कडेला रंगात तिळाएवढा खरखरीत ठिपका. बोटाला लागतो. ऑस्करला दाखवला. त्याने चष्मा बदलून बघितला. सर, हा ठिपका घेऊन विमान अकरा वेळा उडालंय. मी म्हटलं, प्रवाशाशिवाय. पॉलिश पेपर मारू, एक हात देऊ, चोवीस तास सुकू दे. रोवेना म्हणाली, अंकल, धावपट्टी आजच्यापुरती मिळालीय. बुधवारी मी जातेय.

मी ठिपक्यावरून बोट काढलं नाही.

ऑस्कर वळला आणि टूलबॉक्सकडे निघाला. पॉलिश पेपर आणायला. खरंच निघाला.

तेव्हा विनयाने तिची पर्स माझ्या हातात दिली. म्हणाली, मला ठिपका चालेल.

७.५८. तिने बेल्ट लावला. मला हात केला. माझ्या एका हातात पर्स होती, दुसऱ्यात तिची पाण्याची बाटली. त्यामुळे हात करता आला नाही.

८.०३. चाकं सुटली.

यानंतर मला काय झालं ते लिहिता येत नाही. उजवा पंख. तिची बाजू. ऑस्करचा दंड धरला आणि सगळं सांगितलं. शिंक, ठोकळा, चार वर्षं. माझ्यामुळे तिला काही झालं तर, असं काहीतरी मोठ्याने म्हणालो.

तो वर बघत होता. म्हणाला, माहीत आहे सर. तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हाच तो काढला आणि दुसरा मारला. त्यानंतर अख्खा पंख तपासला.

मला का नाही सांगितलंस?

तुम्हाला वाईट वाटलं असतं.

८.१९. विमान उतरलं. विनया बाहेर आली ती वेगळीच. गाल लाल, केस विस्कटलेले, आणि ती हसत होती, कुणाला उद्देशून नाही. मी तिला घट्ट धरलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, वर गेल्यावर आतला रंग कसा वाटतो?

रंग? अहो, आत कोण बघतंय!

रोवेना म्हणाली, अंकल, इंजिन गरम आहे, चला, दहा मिनिटं. सगळे माझ्याकडे बघत होते. आता आड यायला रिव्हेटही नव्हता, ठिपकाही नव्हता. मी म्हटलं, आज विनयाचा दिवस आहे, त्यात मी कशाला. ऑस्करने आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग टोपी काढून माझ्याकडे दिली आणि स्वतः बसला.

पुढचा मान मी मोठ्या मनाने ऑस्करला दिला.

१४ जानेवारी, बुधवार

रोवेना गेली. निरोप द्यायला ऑस्करकडे गेलो. तिळगूळ दिला. तो नेहमीसारखाच वागला, हेच अवघड झालं. निघताना त्याने उरलेल्या रंगाचे दोन्ही डबे पिशवीत घालून दिले. सर, विमानाचं आता काही बाकी नाही. घरी उपयोगी पडेल.

कोणी दुसरा पायलट मिळाला तर कळव, म्हटलं. हो म्हणाला. बघतो म्हणाला नाही, हो म्हणाला. चांगलं लक्षण.

१८ जानेवारी, रविवार

रविवार मोकळा गेला असता, म्हणून बाल्कनीचं ग्रिल रंगवायला काढलं. हार्डनर मी स्वतः मिसळला. ग्रिलला राखाडी शोभतो. खालचा अर्धा भाग दोन तासांत पूर्ण, फिनिशिंग उत्तम.

वरच्या भागासाठी स्टुलावर उभं राहावं लागतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्टूल एका बाजूला किंचित हलतं.

वरचा भाग विनयाने रंगवला. मी स्टूल धरलं.